दामिनीच्या नावाचा आंबा

आंबागडच्या सुशीलाबाई गभण्यांच्या लेखी वर्षाचे महिने दोनच. एक मे महिना, आणि दुसरा, तो मे यायला अजून अवकाश आहे म्हणून कुरकुरत काढायचा. धानाची रोवणी, कापणी, मळणी, दिवाळी, संक्रांत हे सगळं त्या दुसऱ्या महिन्यात मोडायचं. वरठीहून लेक दामिनी आपल्या दोन पोरींना घेऊन एसटीतून उतरली की बाईचं खरं वर्ष सुरू व्हायचं. थोरली मोना, धाकटी गुड्डी. दामिनीच्या हातातली पिशवी घ्यायची सुद्धा सुशीलाबाईला शुद्ध नसायची, ती आधी नातींना छातीशी धरायची. दामिनी हसून म्हणायची, आई, सायीच्या नादात तू दुधाला विसरलीस. सुशीलाबाईला त्याचं कधी काही वाटलं नाही. दूध कुठे जातंय, असं तिला वाटायचं.

घरात ती आणि नवरा सोमाजी, दोघंच. बांधावर आंब्याची सात झाडं, आणि सातही झाडांना माणसांसारखी नावं. शेपऱ्याच्या फळाला शेपूच्या भाजीचा वास यायचा, खोबऱ्या कच्चा खाल्ला तर खोबऱ्यासारखा लागायचा, आणि एक होता भांडखोर, कारण त्याच्यावरून सोमाजीच्या बापाचं चुलत्याशी वाजलं होतं. पोरी आल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी सोमाजी त्यांना झाडांच्या भेटीला न्यायचा. ऊन चढायच्या आत गावच्या किल्ल्याचा डोंगर चढून यायचा. परत आल्यावर माळ्यावर जाऊन तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, घातलेले आंबे हुंगायचे. पिकलेला आंबा नाकाने ओळखायचा, दाबून बघायचा नाही, हा आजीचा कायदा. दाबणाऱ्याला त्या दिवशी कोय चोखायला मिळत नसे. आता हा कायदा मोडला म्हणून कोणी उपाशी राहिल्याचं गावात कोणाच्या ऐकिवात नाही.

पण सगळ्यात मोठा सोहळा सरगुंड्यांचा. ओसरीवर चटई टाकून सगळ्या बाया-पोरी बसायच्या. कणकेची बारीक वळी करायची, ती काडीवर गुंडाळत न्यायची आणि अलगद सरकवून काढायची, की स्प्रिंगसारखं सरगुंडं तयार. खाटेवर धोतर अंथरून त्यावर ती वाळत घालायची. गुड्डीची सरगुंडी कधी नीट निघाली नाहीत, काडीला चिकटून त्यांचे गोळे व्हायचे. दामिनी त्या गोळ्यांना गावातल्या एकेका माणसाचं नाव द्यायची. हा ढेरपोट्या तो सरपंच, ही वाकडी ती गोदावरीबाई. शेजारची गोदावरीबाई तिथेच बसलेली असायची आणि ती सुद्धा हसायची. मग सरगुंडी उकडायची, शेपऱ्याचा रस पिळायचा, आणि सगळ्यांनी एका ओळीत जेवायला बसायचं. दामिनी पोरींना वाढायची, बापाला वाढायची, पोरींच्या वाटीत पुन्हा रस ओतायची, आणि सगळ्यांचे हात धुऊन झाले की पातेल्याला लागलेला रस बोटाने पुसून घेत आपलं ताट वाढायची. आई रागवायची, पण ऐकेल तर ती दामिनी कसली.

ती दामिनी एका श्रावणात गेली. रोवणी चालू होती. कावीळ झाली, सगळ्यांना वाटलं उतरेल, आणि ती उलटली. निरोप आला तेव्हा सुशीलाबाई गुडघाभर चिखलात होती. धानाच्या रोपांची पेंडी हातातून सुटली ती तिथेच पाण्यावर तरंगत राहिली, आणि ही बाई चिखलाच्या पायांनी वरठीला पोचली. जाऊन करायचं काही उरलं नव्हतं. जिला कडेवर घेऊन किल्ला चढली, तिला खांद्यावरून जाताना तिने पाहिलं. याहून जास्त त्या दिवसाबद्दल सांगण्यात अर्थ नाही.

तेरवीला सुशीलाबाईने आंबा सोडला. आपल्याकडे ही रीत आहे. माणूस गेलं की त्याच्या आवडीचं एखादं फळ, एखादी भाजी त्याच्या नावाने जन्मभर सोडायची. आपण इथे खात नाही, ते त्याला तिकडे पोचतं, असं म्हणतात. सुशीलाबाईला ते फार पटलं, आणि पटण्याचं कारणही होतं. अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घराघरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात. पितरांना दिल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नाही. पण लग्न झालेल्या लेकीची घागर भरायची ती तिच्या सासरी. माहेरच्या पितरांत तिला जागा नसते. नऊ महिने पोटात वाढवली, तरी मेल्यावर तिला पेलाभर पाणी द्यायचा हक्क आईला नाही. सुशीलाबाईने रीतीशी भांडण केलं नाही. तिने आंबा सोडला. ते तिच्या हातातलं होतं, आणि त्यात कोणाची परवानगी लागत नव्हती.

दामिनीनंतरचा पहिला मे आला. जावई भूपेंद्र पोरींना मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. तो वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला, कामाची पाळी बदलून आला होता, त्याच दिवशी परत गेला. सुशीलाबाईने नेहमीसारखं सगळं केलं. चटई टाकली, कणीक मळली, रस पिळला. फक्त करताना ती रडत होती. इथे तुमची मम्मी बसे, ही काडी तुमच्या मम्मीची, शेपऱ्याच्या रसावर तुमची मम्मी जीव टाके. ती पदराने डोळे पुसायची आणि त्याच हाताने वाढायची. पोरी घास हातात धरून तिच्याकडे बघत बसायच्या. किल्ल्याचा चढ झाला नाही, झाडांच्या भेटी झाल्या नाहीत. सोमाजीने एकदोनदा खुणेने थांब म्हटलं. पण दुःखात माणसाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, आणि लहान पोराचं तर नाहीच दिसत.

त्यातच गुड्डीने विचारलं, आजी, तू रस का खात नाहीस. आणि सुशीलाबाईने, खोटं बोलायची सवय नसलेल्या त्या बाईने, खरं ते सांगून टाकलं. मी नाही खाल्ला की तो तुझ्या मम्मीला भेटतो. मी खाल्ला तर तिला कोण देईल. गुड्डी लहान, तिने ऐकलं आणि सोडून दिलं. मोनाने ऐकलं आणि ठेवून घेतलं. तिने रसाची वाटी हळूच बाजूला सरकवली. सुशीलाबाईला वाटलं, पोट भरलं असेल.

पुढच्या मे महिन्यात पोरी आल्याच नाहीत. आधी कळलं की मोनाचा शिकवणी वर्ग आहे. मग कळलं की विहीणबाईंना, म्हणजे भूपेंद्रच्या आईला, ललिताबाईंना बरं नाही. मग ऊन फार आहे. मे महिन्यात ऊन फार असतं हे वरठीकरांना त्याच वर्षी कळलं की काय, असं सुशीलाबाई सोमाजीला म्हणाली. माळ्यावरचे आंबे तणसात पिकले, मऊ पडले आणि सडले. सोमाजीने ते टोपलीत भरून उकिरड्यावर नेले. माळ्यावर तो वास कितीतरी दिवस राहिला, आणि सुशीलाबाईने तिकडे जायचं सोडलं.

यंदा अक्ती झाली तरी वरठीहून काही निरोप नव्हता. एका सकाळी सुशीलाबाईने लुगडं बदललं, पिशवीत शेपऱ्याचे आंबे भरले आणि वरठीला जायला तुमसरच्या गाडीत बसली. जावयाच्या घरी न बोलावता जाऊ नये, हे तिला माहीत होतं. लेक असताना ती कधी गेली नव्हती. पण नाती तुटल्या तर मागे काय उरतं, शेत आणि सोमाजी. वाटभर तिने बोलणं जुळवून ठेवलं. पोरींना तोडू नका, म्हणून पदर पसरायचा. वेळ आली तर भांडायचं सुद्धा.

दार मोनाने उघडलं. पोरगी उंच झाली होती, आणि वाळली होती. फ्रॉकच्या बाहीतून हात काडीसारखा दिसत होता. गुड्डीने पिशवीवर झडप घातली, आंबा काढला आणि मोनाकडे बघून पुन्हा आत ठेवला. सुशीलाबाईला त्यातलं काही उमगलं नाही.

ललिताबाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. बाई तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण त्या दिवशी त्यांचा आवाज फार खाली होता. त्यांनी सांगितलं की मोना आंबा खात नाही. आंबागडहून आली तेव्हापासून नाही. आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग आंब्याचे दिवस संपले, आणि पोरीने सीताफळ सोडलं. सीताफळं संपली तशी बोरं सोडली. रविवारी बाप जिलेबी आणायचा, ती सोडली. आता दूधही सोडायला निघाली आहे. बापाने एकदा समोर बसवून विचारलं, तेव्हा पोरगी म्हणाली, आंबा काय उन्हाळ्यातच असतो, मग बाकीचे महिने मम्मीला काय भेटेल.

सुशीलाबाई पाटावर बसली होती ती बसूनच राहिली. भांडायचं म्हणून आणलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. ललिताबाई म्हणाल्या, म्हणून पाठवल्या नाहीत पोरी. तिथे गेल्या आणि अजून काही सोडून आल्या तर काय करायचं. "तुमचं मन दुखावन म्हनून सांगतलं नाही, बाई. पन पोरगी वाळून राहिली."

संध्याकाळी भूपेंद्र कामावरून आला. सासू आलेली बघून तो आधी पाया पडला. सुशीलाबाईने त्याच्याकडे पोरींना मागितलं, आठ दिवसांसाठी. त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "आई, पोरी तुमच्याच हायेत. फक्त त्यांच्यासमोर रडू नोका." सुशीलाबाईने मान हलवली. जावयाने सासूला असं सांगावं आणि सासूने खाली मान घालून ऐकावं, हे सोमाजीने पाहिलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं.

निघायच्या आधी तिने मोनाला जवळ घेतलं आणि म्हणाली, बेटा, तू आंबा खात जा, लहान पोरांनी सोडायचा नसतो. मोनाने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"तू खाते का, आजी?"

"नाही."

"मंग मी बी नाही," मोना म्हणाली. तिने आजीचा हात धरला, एकाच कामावरच्या दोन बायांनी धरावा तसा. हातात हात घेतल्यावर सुशीलाबाईला कळून चुकलं की इथे शब्दांचा काही उपयोग नाही. पोरीने खावं असं वाटत असेल तर तिच्यासमोर आपल्याला खावं लागेल.

घरी आल्यावर ती आधी गोदावरीबाईकडे गेली. रीतीभातीत गोदावरीबाईचा शब्द गावात शेवटचा. देवाला सुद्धा एखादं व्रत कसं करायचं असा प्रश्न पडला तर तो तिच्याच दारात येऊन उभा राहील, असं सोमाजी म्हणायचा. सुशीलाबाईने विचारलं, सोडलेलं पुन्हा धरता येतं का, एखादा उपाय, एखादं दान. गोदावरीबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, जिच्या नावाने सोडलं, तिच्या तोंडातला घास काढून खायचा असेल तर खा. त्याला उपाय नाही.

सुशीलाबाई घरी येऊन चुलीपुढे बसली. सोमाजीला तिने सगळं सांगितलं. मोनाचं, सीताफळाचं, दुधाचं, गोदावरीबाईचं. सोमाजी हा एरवी प्रत्येक गोष्टीत थट्टा शोधणारा माणूस. तो बिडी न पेटवता तशीच बोटात धरून बसला. मग म्हणाला, "मेलेल्या लेकरासाठी जितं लेकरू उपाशी ठेवता येत नाही, सुशीला." आणि उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. सुशीलाबाईला ते आधीच माहीत होतं. माहीत असणं आणि लेकीच्या तोंडातला घास काढणं यात फार अंतर होतं, आणि ते तिला एकटीला चालायचं होतं.

पोरी आल्या. सुशीलाबाईने या वेळी डोळ्यांना तंबी दिली होती. ती हसली, तिने गुड्डीच्या गोळ्यांना स्वतः नावं दिली, आणि त्यातल्या सगळ्यात वाकड्याला सोमाजीचं नाव दिलं. सोमाजीने पोरींना किल्ल्यावर नेलं, झाडांच्या भेटी घडवल्या, भांडखोराखाली उभं राहून बापाचं आणि चुलत्याचं भांडण दोन्ही आवाजांत करून दाखवलं. मोना सुद्धा हसली. माळ्यावर गुड्डी आंबे हुंगत असताना मोना मात्र शिडीपाशी उभी राहिली. वर आली नाही.

सरगुंडी वाळली, उकडली, शेपऱ्याचा रस पिळून झाला. सोमाजी, गुड्डी, मोना ओळीत बसले. सुशीलाबाईने वाढलं. मोनाच्या ताटात सरगुंडी आणि गूळ, तिने तेच मागितलं होतं. मग सुशीलाबाईने आणखी एक ताट मांडलं, वाटीत रस घेतला आणि मोनाच्या समोर बसली. मनातल्या मनात ती लेकीला म्हणाली, माय, मला माफ कर. आणि रसात बुडवलेलं सरगुंडं तिने तोंडात घातलं.

मोनाचा हात जागीच थांबला. ती बघत राहिली.

"आजी, थो मम्मीचा हाय," ती म्हणाली. "आता मम्मीले कोन देईन?"

गुड्डीने चमचा खाली ठेवला. सोमाजी ताटाकडे बघत राहिला. सुशीलाबाईने याचं उत्तर कितीतरी दिवस शोधलं होतं, भांडी घासताना, अंगण सारवताना. देव बघतो म्हणायचं, तुझी मम्मी आता चांदणी झाली म्हणायचं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना. तोंडात तो घास होता, आणि समोर लेकीचेच डोळे होते. तिने घास गिळला.

"मोना, तुही मम्मी घरी कधी जेवे?"

मोनाने विचार केला. "आमचं सगळ्याईचं झाल्यावर."

"तुमच्या आधी कधी जेवली?"

"नाही."

"मंग बेटा, आताच कशी जेवन? आपन इथं वाटी सरकवून बसलो, तं थेबी तिथं ताट सरकवूनच बसली हाय. तवापासून उपाशी हाय तुही मम्मी. पोरी कधी खातात म्हनून वाट पाहून राहिली."

मोनाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आणि गालावरून ताटात पडत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. सुशीलाबाईने भूपेंद्रला दिलेला शब्द पाळला, ती रडली नाही. फक्त आपली वाटी तिच्यापुढे धरून बसली. हात दुखायला लागला तरी धरून बसली. शेवटी मोनाने एक बोट रसात बुडवलं आणि चाटलं. मग अजून एकदा. मग तिने वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि तोंडाला लावली, आणि वर्षानुवर्षांची भुकेली असल्यासारखी घटाघटा पिऊन टाकली. तिने पुन्हा मागितला. सुशीलाबाईने पुन्हा वाढला. सोमाजी उगाच मोठ्याने म्हणाला, आता सगळं पातेलं हीच संपवते की काय, आणि गुड्डीने घाईघाईने आपली वाटी पुढे केली.

पोरी जेवून अंगणात पळाल्या. मोनाचा आवाज गुड्डीहून वरचा येत होता. सोमाजी ओसरीवर आडवा झाला आणि गमछा तोंडावर ओढून घेतला. तो झोपला नव्हता, हुंदक्यांनी त्याची छाती हलत होती. सुशीलाबाई ताटांपाशी एकटी उरली. मोनाला जे सांगितलं ते खरं की खोटं, हे तिला ठाऊक नव्हतं. मोनाचं त्याने भागलं, तिचं भागलं नव्हतं. जवळजवळ तीन वर्षं तिच्याकडे लेकीसाठी करायला काहीतरी होतं. उन्हाळाभर आंबा नाकारायचा, एवढंच, पण ते आईचं काम होतं. आजपासून तेही उरलं नाही. आता दामिनीसाठी या जगात तिला करण्यासारखं काहीच नव्हतं.

आपलं ताट तसंच दिसलं तर पोरीचं लक्ष जाईल म्हणून तिने वाटीत पुन्हा थोडा रस घेतला आणि ताटातलं संपवू लागली. आधीचा घास भीतीने गिळला होता, त्याची चव कळली नव्हती. या घासाला कळली. शेपऱ्याचा रस, थोडा उग्र, जिभेवर रेंगाळणारा. आपल्याला तो राखेसारखा लागेल अशी तिची खात्री होती, निदान तेवढं तरी लेकीसाठी होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. आंबा तिला गोड लागला, आणि त्याचंच तिला फार वाईट वाटलं.